एक संगणक, दोन डेस्कटॉप

कासारसाई धरणाचा फोटो ग्नोममध्ये एका अ‍ॅपमध्ये उघडतो, केडीईमध्ये दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये. लिनक्सवर दोन्ही डेस्कटॉप असले की असे घडते. संगणक बिघडलेला नसतो. आपण काही निवडलेले नसेल, तर प्रत्येक डेस्कटॉप आपल्या पसंतीचे अ‍ॅप लावतो. आपली निवड मात्र होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात, ‘माइमअ‍ॅप्स’ यादीत नोंदली जाते. ती दोन्ही डेस्कटॉप वाचतात, म्हणून एकीकडचा बदल दुसरीकडेही दिसतो. दोन्हीकडे वेगळी अ‍ॅप हवी असतील, तर ‘केडीई-माइमअ‍ॅप्स’ अशी डेस्कटॉपच्या नावाची यादी त्याच फोल्डरात करा. केडीई आधी तीच पाहतो. ही सोय उत्तम आहे! यादीला हात लावण्याआधी तिची प्रत मात्र जरूर काढून ठेवा.