धारेच्या दगडाची निगा

ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे फडात गेले असता एक दृश्य हमखास दिसते. पाचट बाजूला सारून टोळीतील मंडळी बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातातील कोयत्यावरून दगड वा कानस फिरत असते. कोयत्याला धार किती यावर त्या दिवशी किती मोळ्या पडणार हे ठरते, ही गोष्ट त्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु ज्या दगडावर ही धार अवलंबून आहे, तो मात्र काम संपताच बांधावर टाकला जातो, बैलगाडीच्या तळाशी पडतो, तेलामातीने माखतो. कोयत्याची काळजी घेणारे पुष्कळ, दगडाची काळजी घेणारे थोडे, असे सर्वत्र आढळून येते.

याचे मोल शेतकऱ्यास नकळत द्यावे लागते. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते, म्हणून ऊस जमिनीलगत व एका घावात तुटला पाहिजे. बोथट कोयत्याने दोन-तीन घाव घालावे लागतात, बुडखा चिरतो, खोडव्याच्या फुटव्यांस इजा पोचते आणि तोडणाऱ्याचे मनगट दुपारपर्यंत भरून येते. कलमांच्या कामात तर हानी याहून मोठी असते. कोकणात पावसाळ्यात आंब्याची कोय कलमे बांधतात, त्या वेळी रोप व काडी यांचे काप एकमेकांस तंतोतंत बसावे लागतात. सालीखालचा जिवंत थर जेथे जेथे भिडतो तेथेच सांधा जुळतो. चाकूने काप घेण्याऐवजी पेशी चेंगरल्या, अथवा काप सपाट न येता गोलसर आला, तर मध्ये पोकळी राहते, ती सुकते आणि कलम दगावते. दोष मात्र काडीला किंवा पावसाला दिला जातो.

दगड धार कशी लावतो

पोलादापेक्षा कठीण असलेले कण पोलादावरून घासले म्हणजे त्याचे सूक्ष्म कीस निघतात व धार येते. कठीणपणाच्या मोज्स यांच्या श्रेणीत हिरा १० वर आहे, तर कडक केलेले पोलाद साधारणपणे ६ ते ७ च्या दरम्यान येते. आपल्याकडील काळ्या दगडातील मुख्य खनिजांचा कठीणपणा सुमारे ६ भरतो. विहिरीच्या काठावरील काळ्या दगडावर विळा कितीही घासला तरी हवी तशी धार का येत नाही, याचे कारण हेच होय. वाळूच्या दगडातील गारेचे कण ७ वर आहेत, म्हणून तो बरा. कुरुंदाचे कण ९ वर आहेत आणि कार्बोरंडम त्याहूनही किंचित कठीण आहे.

कार्बोरंडम हा पदार्थ अमेरिकेतील एडवर्ड अॅचेसन यांना १८९१ साली अनपेक्षितपणे लाभला. चिकणमाती व कोळशाची पूड विजेच्या भट्टीत तापविताना त्यांना चकाकणारे कठीण स्फटिक मिळाले. बाजारातील करडे-काळे दगड याच पदार्थाच्या दाण्यांचे असतात, तर तांबूस अथवा पांढरे दगड बहुधा कृत्रिम कुरुंदाचे असतात. हे दाणे विशिष्ट मातीत मिसळून, साच्यात दाबून, मोठ्या उष्णतेत भाजतात. माती काचेसारखी वितळून दाण्यांस धरून ठेवते. म्हणजे असा दगड हा कौलाचा व कपबशीचा भाऊबंदच होय. दाण्याचा क्रमांक जितका मोठा, तितका दाणा बारीक. दुहेरी दगडाची भरड बाजू कोयता-विळ्यासाठी व बारीक बाजू चाकूसाठी वापरावी.

याखेरीज पांढरे, घट्ट व गुळगुळीत असे सिरॅमिकचे दगड आणि कांड्याही मिळतात. त्यांत छिद्रे जवळजवळ नसतात व ते फारच सावकाश झिजतात. कलमाच्या चाकूस अखेरचा हात देण्यास ते उत्तम. असा दगड जवळ नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाचे, चकाकी नसलेले खरखरीत कडे वेळप्रसंगी तेच काम करते.

दगड मंदावतो तो का?

दगड मंद होण्याची कारणे तीन आहेत व तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

पहिले कारण म्हणजे छिद्रे बुजणे. लोखंडाचा कीस, उसाचा रस, आंब्याचा चीक आणि घट्ट झालेले तेल दाण्यांमध्ये बसते. दगड काळपट दिसतो व पाते वरून नुसते घसरते. दुसरे कारण म्हणजे दाणे बोथट होणे. असा दगड धुऊनही चकाकतो आणि बोटास गुळगुळीत लागतो. तिसरे कारण म्हणजे मध्यभागी खोलगटपणा येणे. सर्वजण दगडाचा मधला भागच वापरतात, त्यामुळे तेथे खळगा पडतो. अशा दगडावर पात्याचा कोन दर फेरीत बदलतो व धार गोल होते. एका बाजूने सपाट असलेला कलमाचा चाकू त्यावर घासला, तर त्याची सपाट बाजूही फुगीर होते आणि मग काप कधीच सपाट येत नाही.

स्वच्छता

दगडावर पाणी वापरावयाचे की तेल, हे आरंभीच ठरवावे व ते बदलू नये. तेल प्यालेल्या दगडात पाणी शिरत नाही. शेतावरील कामास पाणीच सोयीचे. खाद्यतेल कधीही वापरू नये, कारण ते सुकून राळेसारखे चिकटते.

धार लावण्यापूर्वी हत्यार धुऊन पुसावे, म्हणजे रस व चीक दगडात जाणार नाही. काम झाल्यावर दगड ताठ केसांच्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात घासावा व सावलीत वाळवावा. तेलाने बुजलेला दगड रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, सकाळी ब्रशाने घासावा, फडक्याने टिपावा आणि नंतर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावा. हे काम चुलीपासून दूर करावे आणि ते पाणी विहीर वा गुरांच्या डोणीजवळ सांडू नये. तेल जाळून काढण्यासाठी दगड विस्तवात टाकण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सर्वस्वी चुकीची होय. असमान उष्णतेने दगड तडकतो.

गुळगुळीत सिरॅमिक दगडावर करड्या रेघा उमटतात, त्या लोखंडाच्या असतात. भांडी घासण्याच्या पुडीने व ओल्या घासणीने चोळल्यास त्या निघून जातात. या दगडास तेल लावू नये. तो कोरडा किंवा पाण्याने वापरावा.

खोलगट दगड सपाट करणे

लोखंडी पट्टी दगडावर लांबीत, रुंदीत व कर्णरेषेत उभी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टीखालून उजेड दिसला की खळगा आहे असे समजावे. नंतर शिसपेन्सिलीने दगडावर चौकटी आखाव्यात. जाड काचेवर किंवा गुळगुळीत शहाबादी फरशीवर कार्बोरंडमची भरड पूड व थोडे पाणी घेऊन दगड पालथा ठेवावा व इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवावा. पूड न मिळाल्यास चाळलेली ओली वाळू चालते, परंतु वेळ पुष्कळ लागतो. अधूनमधून दगडाची टोके उलटसुलट करावीत. शहाबादी फरशी मऊ असल्याने तीही झिजते, म्हणून दर वेळी नवी जागा घ्यावी. सर्व रेघा पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. याच कृतीने बोथट दाणे निघून ताजे दाणे वर येतात, म्हणजे दुसऱ्या कारणावरही हाच उपाय होय. दुहेरी दगडाची बारीक बाजू आधी बारीक पुडीने करावी, भरड बाजू मागाहून, आणि दगड नीट धुवावा. एकही भरड कण बारीक बाजूत राहिला तर तो धारेवर ओरखडे काढतो. गुळगुळीत सिरॅमिक दगडावर वाळूचा उपयोग होत नाही, त्यास हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते.

वाडीवस्तीवर मिळून तीन सारखे दगड असतील तर आणखी एक सोपी रीत आहे. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक खोलगट व दुसरा फुगीर होण्याचा संभव असतो. ते परस्परांत चपखल बसतात, तरी सपाट एकही नसतो. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर व तिसरा पहिल्यावर असे आळीपाळीने घासले, तर तिघांसही एकमेकांत बसेल असा आकार सपाटीवाचून दुसरा नाही. धातूचे पृष्ठभाग सपाट करण्यासाठी तीन पृष्ठभाग असे आळीपाळीने ताडून पाहण्याची रीत इंग्लंडमधील यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली मांडली होती.

झीज कमी राखण्यासाठी

दगडाचा सर्व पृष्ठभाग वापरावा व दर वेळी त्याचे टोक फिरवून ठेवावे. विळ्याच्या बाकासाठी दगडाची कड अथवा गोल कांडी घ्यावी, तोंडावर खाच पाडू नये. दाते पडलेला कोयता आधी कानशीने किंवा लोहाराकडून नीट करून घ्यावा. दगडाकडून लोहाराचे काम घेऊ नये. दगड लाकडी खोबणीत बसवून झाकून ठेवावा. भाजलेल्या मातीची ही वस्तू फरशीवर पडली की तुटते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वच्छ दगड व तीक्ष्ण धार यांनी रोगाचा प्रसार थांबत नाही. खोडवा खुरटविणारा रोग कोयत्याबरोबर एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो. म्हणून बेण्याच्या मळ्यात हत्यार निर्जंतुक करणे वेगळेच आवश्यक आहे.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी चावडीजवळ वा फडावर याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. भाषणाची आवश्यकता नाही. गावातीलच एक खोलगट दगड घ्यावा, त्यावर धार लावलेल्या चाकूने आंब्याच्या काडीचा काप घेऊन दाखवावा. मग तोच दगड सर्वांसमक्ष सपाट करावा, तोच चाकू त्यावर पुन्हा लावावा आणि दुसरा काप घ्यावा. दोन्ही काप शेजारी ठेवून मंडळींच्या हातात द्यावेत. पहिल्या कापावर नखाने जाणवणारा उंचवटा व दुसऱ्याची सपाटी ज्याने एकदा पाहिली, तो आपला दगड पुन्हा बांधावर टाकणार नाही.