दुकान, शेत, घर... सगळं एकाच पावसावर?

मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, दुकानातून महिन्याला पाच हजार उरतात, कुठं टाकू?" उत्तर देतो, पण आधी तुमच्याकडे आत्ता काय काय आहे ते एका कागदावर लिहा.

मी लिहिलं तेव्हा यादी अशी झाली: नागभीडातलं कापड दुकान, आतला माल, गिऱ्हाइकांकडची उधारी, दोन एकर धान आणि घर. पाच गोष्टी दिसल्या की वाटतं, पैसा चांगला विभागलाय. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो किंवा धानावर तुडतुडा येतो, त्या वर्षी शेत जातं, गिऱ्हाईक फिरकत नाही, उधारी अडकते, आणि घर विकायला काढलं तर घेणारेही त्याच धानावर जगणारे. म्हणजे ही एकच गुंतवणूक झाली ना! शहरातल्या पगारदाराचा पोर्टफोलिओ आपल्याला जसाच्या तसा चालत नाही तो यामुळेच. बाहेर टाकलेला पैसा नागभीडच्या पावसावर अवलंबून नसावा, हे पहिलं.

दुसरी गोष्ट मी मार खाऊन शिकलो. मार्च २०२० मध्ये लग्नसराईचा माल भरून बसलो होतो आणि लॉकडाऊन लागलं. म्युच्युअल फंडात सव्वा लाख टाकले होते, हाताशी रोकड मात्र शून्य. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर आला. भाडं आणि व्यापाऱ्याचे पैसे द्यायला मी त्या पडझडीतच फंड विकला, हातात आले ब्याऐंशी हजार. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्स ५०,००० च्या वर गेला. फंड चुकीचा नव्हता हो, माझ्याकडे थांबायला पैसे नव्हते.

म्हणून आधी राखीव रक्कम. आपल्याकडे रोवणीपासून दिवाळीपर्यंत गल्ला थंड असतो, तेव्हा किमान चार-पाच महिन्यांचं भाडं, हप्ते आणि घरखर्च बचत खात्यात किंवा एफडीत हवा. तोही दोन बँकांत. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. पण विमा असला तरी पैसे त्याच आठवड्यात हातात येत नाहीत, आणि व्यापाऱ्याला माल त्याच आठवड्यात लागतो.

मग पीपीएफ. पंधरा वर्षं, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. व्याजापेक्षा मला यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: धंद्याच्या कर्जापायी कोर्टाच्या हुकमानंही या खात्यावर जप्ती येत नाही. (इन्कम टॅक्सची थकबाकी वेगळी, तिथं ही ढाल चालत नाही.) दुकान बुडालं तरी पोरांचं शिक्षण वाचतं.

दहा वर्षं हात लावायचा नाही असा पैसा निफ्टीच्या इंडेक्स फंडात. त्यात देशातल्या ५० मोठ्या कंपन्या येतात, त्यांना आपला धान पिकला काय न पिकला काय. एसआयपी हजाराचीच ठेवा, जी श्रावणातही झेपेल. धान विकून उधारी वसूल झाली की डिसेंबर-जानेवारीत वरची रक्कम टाका. बारा महिने सारखा हप्ता हा नोकरदाराचा हिशोब आहे. थोडं सोनं ठेवा, पण दागिना त्यात मोजू नका. घडणावळ जाते, आणि बायकोच्या गळ्यातलं विकायचं म्हणजे... सोडा.

"छोटी लाईन २०१९ ला बंद झाली, आता ब्रॉडगेज होतेय, तर प्लॉट घेऊ का?" हाही प्रश्न असतो. राहायला घ्यायचा तर घ्या. पण गुंतवणूक म्हणून पुन्हा नागभीडच? आणि अडचणीत अर्धा प्लॉट विकता येत नाही.

मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही, एक दुकानदार आहे; मोठी रक्कम असेल तर नोंदणीकृत माणसाला फी देऊन विचारा. मी वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाला वही पूजली की त्याच वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब मांडतो. फंड ठरवल्यापेक्षा फुगला असेल तर थोडा काढून एफडीत, घटला असेल तर पीक आल्यावर त्यात भर. बाकी ३६४ दिवस ते ॲप उघडत नाही.