क्रिटिकल रीझनिंग : गाळलेली पायरी शोधा!

जीमॅट म्हटलं की बरेच जण आधी ग्रामरची पुस्तकं घेऊन बसतात. मित्रांनो, थांबा! नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात सेंटेन्स करेक्शन हा प्रकारच उरलेला नाही. व्हर्बलमध्ये 45 मिनिटांत 23 प्रश्न, आणि ते फक्त रीडिंग कॉम्प्रिहेन्शन व क्रिटिकल रीझनिंगचे. म्हणजे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची फाडफाड इंग्रजीची मिजास इथे फारशी चालत नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी उगीच धास्ती घ्यायचंही कारण नाही.

क्रिटिकल रीझनिंगच्या छोट्या उताऱ्यात बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी पटवून देत असतं. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत जाताना त्याने मधली कोणती पायरी गाळली, एवढंच आपण शोधायचं. घरचंच उदाहरण घेऊ:

‘लायब्ररी यंदा रात्री बारापर्यंत उघडी ठेवली. यंदा निकालही सुधारला. तेव्हा जादा वेळेमुळेच निकाल सुधारला.’

इथे काय गृहीत धरलंय? पर्याय एक: लायब्ररीत सगळ्या विषयांची पुस्तकं आहेत. पर्याय दोन: यंदाचे पेपर गेल्या वर्षीपेक्षा सोपे नव्हते. पहिला पर्याय गोड वाटतो. पण दोन्ही उलटे करून बघा. काही विषयांची पुस्तकं नसली तरी मुलं स्वतःच्या नोट्स घेऊन बसू शकतात, युक्तिवाद तग धरतो. पेपर सोपे होते म्हटलं की मात्र त्याचा पायाच डळमळतो. म्हणून उत्तर दुसरं. याला निगेशन टेस्ट म्हणतात. ती असम्प्शनच्याच प्रश्नांना लावायची, सगळीकडे नाही.

दुसरा हमखास सापळा टक्केवारीचा. आधी 200 पैकी 30 टक्के मुलांना केटी, नंतर 400 पैकी 20 टक्के. प्रमाण घटलं, पण केटीवाले 60 चे 80 झाले! (इंजिनिअरिंगच्या मुलांनी इथे फसावं म्हणजे कमालच!)

सरावाला सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवा. पर्याय झाकून आधी निष्कर्ष आपल्या शब्दांत सांगा, हवं तर मराठीत. ऑफिशियल गाइडमधले दहाच प्रश्न घ्या, पण प्रत्येकातले चार पर्याय का चुकले ते एकेका ओळीत लिहा. पन्नास प्रश्न भराभर उरकण्यापेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं. मग हळूहळू एका प्रश्नाला दोन मिनिटांवर या. सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन उत्तरं बदलता येतात, पण जास्तीत जास्त तीनच.