रॉ चित्रे कशात धुवावीत?

आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता बरा डिजिटल कॅमेरा आला आहे. घरची मुंज असो की गणेशोत्सवातली बैठक, तरुण मंडळी तो 'रॉ'वर लावून छायाचित्रे घेतात, आणि मग वाद सुरू होतो : ही चित्रे धुवावयाची कशात? कुणी लाईटरूम म्हणतो, कुणी कॅप्चर वन, कुणी फुकट मिळणारे डार्कटेबल. वाद बहुधा रंगांवरून होतो. तो चुकीच्या जागी होतो, असे माझे मत आहे.

मुळात रॉ फाईल हे चित्र नव्हेच. बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकावर रंगीत गाळण्यांची बारीक जाळी असते. ही योजना कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे. निम्मे ठिपके हिरवे, उरलेल्यांत तांबडे व निळे सारखे. प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावयाचे. हा अंदाज प्रत्येक प्रणाली आपल्या रीतीने करते, छटांना उठावही आपल्या आवडीने देते. म्हणून एकाच शालूचा रंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा दिसतो. मौलाबक्ष खाँसाहेबांची गायनशाळा १८८६ साली जिथे निघाली, त्या बडोद्याच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. कागदावरचे नोटेशन एकच असले तरी दोन घराण्यांचे गवई ती चीज सारखी गात नाहीत.

रॉचा फायदा मोठा आहे. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. पिवळ्या दिव्याखाली हळदीत बुडाल्यासारखा दिसणारा तबलजींचा सदरा मागाहून पांढरा करता येतो, तो यामुळेच.

परंतु खरी मेख पुढे आहे. आपण केलेले संस्कार रॉ फाईलवर होत नाहीत. त्यांचे निराळे टिपण राहते. ते टिपण उद्या कोण वाचणार? ॲपल कंपनीने २००५ साली ॲपर्चर काढले, २०१४ साली ते बंद करीत असल्याचे सांगितले, आणि २०१९ च्या मॅक प्रणालीवर ते चालेनासे झाले. लोकांची मूळ चित्रे राहिली. वर्षानुवर्षांची मेहनत अडकली. लाईटरूम २००७ चे. २०१७ साली अडोबीने जाहीर केले की, यापुढे नवी आवृत्ती कायमची विकत मिळणार नाही, वर्गणी भरावी लागेल. वर्गणी थांबली तर लाईटरूम क्लासिकमध्ये जुनी चित्रे पाहता येतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलपचे दालन बंद होते. आजोबांच्या वेळची काचेची निगेटिव्ह आजही छापता येते, हे इथे आठवते.

लग्नाची हजार छायाचित्रे आठवड्यात द्यावयाची असतील, त्याने खुशाल लाईटरूम घ्यावे. ते चपळ आणि नीटनेटके आहे, वर्गणी हे दुकानाचे भाडे समजावे. स्टुडिओत कॅमेरा तारेने संगणकाला जोडून काम करणाऱ्याला कॅप्चर वन मानवते. घरचा संग्रह नातवंडांसाठी जपणाऱ्याला मात्र मी डार्कटेबल सुचवीन. त्याची घडण सर्वांना खुली आहे आणि प्रत्येक चित्राचे टिपण त्याच्या शेजारीच साध्या मजकुराच्या फाईलीत राहते. रॉथेरपीही त्याच जातीचे. पहिला महिना चिडचिड होईल, हे आधीच सांगतो. एकाच कामाला तीन-तीन वाटा आहेत. आणि तरीही एका प्रणालीचे टिपण दुसरीला पुरते वाचता येत नाहीच. तेव्हा निवडक चित्रे सोळा बिटांच्या टिफमध्ये काढून रॉशेजारी ठेवावीत, दोन निरनिराळ्या डिस्कांवर.

लाईटरूम व कॅप्चर वन काही दिवस विनामूल्य वापरून पाहता येतात. परीक्षेसाठी बागेतले फूल घेऊ नये; ते कुठेही साजरे दिसते. पिवळ्या दिव्याखालचा एखादा सावळा चेहरा घ्यावा.