पहाटेची झापड आणि मेंदूतले घड्याळ



लागणीचे, खताचे, हुमणीचे लेख या पानावर नेहमी येतात. आजचा विषय झोपेचा आहे. मागील हंगामात वजनकाट्यावरचे काम आटोपून पहाटे चारचे सुमारास मी मोटारसायकलवर घरी निघालो. रस्ता सरळ, घाई नाही. डोळा कधी लागला ते कळलेच नाही. जाग आली ती पाटाचे चारीत. हाडे वाचली, पण विषय डोक्यात बसला.

लाजाळू आपण सर्वांनी पाहिली आहे. दिवसा पाने उघडी, रात्री मिटलेली. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने तसलेच झाड अंधारात ठेवले. ऊन नसतानाही पाने वेळेवर उघडत व मिटत राहिली! म्हणजे घड्याळ झाडाचे आतच आहे. आपला ऊसही रात्रीची लांबी मोजतो, म्हणून तर तुरा ठराविक दिवसांतच येतो.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याचे किंचित वर सुमारे २० हजार पेशींचा पुंजका आहे, तेच ते. पेशीत काही प्रथिने तयार होतात, साठली की स्वतःचीच निर्मिती थांबवतात, मोडतात आणि पुन्हा सुरू. या फेरीला साधारण एक दिवस लागतो. पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर हे शोधून काढले म्हणून हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. (चिलटांना कोणी विचारले नाही.)

हे घड्याळ रोज थोडे मागे पडते. सकाळचा उजेड ते जुळवून देतो. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते. पहाटे तीन ते पाचचे दरम्यान अंगाची उष्णता सर्वांत कमी, आणि सावधपणाही. त्या वेळी ट्रॅक्टर चालवणारा कितीही हुशार असो, त्याचा मेंदू अर्धा निजलेला असतो.

दुसरा हिशेब थकव्याचा. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन साठत जाते, तसतशी झोप दाटते. चहा त्याला थोडा वेळ अडवतो, काढून टाकत नाही. पाणी दाराशी तुंबवल्यासारखेच ते. चहा उतरला की झापड पुन्हा येते.

स्वप्नाचेही सांगतो. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत ठराविक वेळाने मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात. तेव्हा मेंदू जागेपणासारखा चालू असतो, हातपाय मात्र सैल पडलेले. ठसठशीत स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात. गाढ झोप रात्रीचे पहिल्या भागात जास्त, ही स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त. एक वाजता उठून दारे धरायला जाणाऱ्याची हीच बुडते. मग दुसरे दिवशी तो उगाच चिडतो, विसरतो. घरच्यांनी त्याला समजून घ्यावे.

वीज रात्रीची असेल तर जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड-दोन तास पडावे. सकाळी परतल्यावर खोली अंधारी करून झोपावे, उन्हात ओट्यावर नको. वाहनचालकाने डोळा जड होताच गाडी कडेला घेऊन वीस मिनिटे डुलकी काढावी आणि उठल्यावर लगेच निघू नये, तोंड धुऊन थोडे चालावे. तळावर नंबर लावून ट्रॉलीखाली झोपण्याची खोड मात्र मोडा. पुढची गाडी सरकली की मागचा चालक अंधारात खाली कोण आहे ते पाहत नाही.

— ऊस विकास अधिकारी