मावळाने मानलेला गनीम

तिकोणा पेठेतून वायव्येस पाहिले असता लोहगड-विसापूरची जी डोंगररांग पवन मावळास इंद्रायणीच्या खोऱ्यापासून अलग करते, तिच्या पलीकडच्या अंगास १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांच्या फौजेची दुर्दशा झाली. शालेय इतिहास तिला ‘वडगावची लढाई’ म्हणून दोन ओळींत निकालात काढतो.

राघोबादादांस पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठी निघालेल्या या मोहिमेच्या बिनीस कॅप्टन जेम्स स्टुअर्ट होता. १७७८ च्या नोव्हेंबरअखेरीस ग्रेनेडियर शिपायांच्या सहा कंपन्यांनिशी बोरघाट चढून त्याने खंडाळ्यास ठाणे घातले आणि मुख्य फौज येईपर्यंत, जवळजवळ महिनाभर, ते एकट्याने राखले. मुख्य फौज सुमारे चार हजारांची. सेनापती कर्नल एगर्टन प्रकृतीने जर्जर, त्याच्या उरावर कार्नॅकप्रभृतींची समिती, आणि मागे हजारो बैलांचे लटांबर! खंडाळा ते कार्ले हे सात-आठ मैल चालावयास तिला अकरा दिवस लागले. उलटपक्षी नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनी समोरासमोरचा सामना टाळून, दाणावैरण जाळून, मुलूख उजाड करून शत्रूस तोफा-बाणांनी रोज सतावण्याचा बेत मुक्रर केला होता.

४ जानेवारीस कार्ल्यापाशी स्टुअर्ट पडला. दुर्बीण घेऊन तो झाडावर चढला असता मराठ्यांच्या तोफेचा गोळा लागला, असे लोक सांगतात. वडगावी त्याची समाधी दाखवितात. आणि त्या प्रांतातील लोक त्याची आठवण ‘इष्टुर फाकडा’ या नावाने काढतात, हे ग्रँट डफनेही नमूद करून ठेवले आहे. जे बिरुद मिळविण्यास मानाजी शिंदे वा कोन्हेरराव एकबोटे यांस आयुष्यभर तरवार गाजवावी लागली, ते या टोपीकराने जेमतेम सहा आठवड्यांत कमावले, आणि तेही ज्यांचा मुलूख तो घेण्यास आला होता त्यांच्याकडून. आमच्या मते यात स्टुअर्टच्या शौर्याइतकाच मावळाच्या दिलदारीचाही वाटा आहे.

तथापि शुद्ध लष्करी दृष्टीने पाहावयाचे तर त्या मोहिमेतील थोर पराक्रम दुसऱ्याच कॅप्टनचा होता. ९ तारखेस फौज तळेगावी पोहोचली तो गाव जळून बेचिराख झालेला. पुणे अठरा-वीस मैलांवर असताना समितीचा धीर सुटला, आणि ११ च्या रात्री अवजड तोफा तलावात लोटून फौज गुपचूप माघारी फिरली. मराठ्यांनी अंधारातच तिला गाठले. चंदावलीस कॅप्टन जेम्स हार्टले आपल्या ग्रेनेडियरांसह होता. त्याच्यावर हल्ल्यामागून हल्ले आले, आणि मागे हटण्याचा हुकूम आला तेव्हा त्यातला अनर्थ त्याने वरिष्ठांस उलट कळविला व जागा सोडली नाही. शिपायांनी पाय रोवले ते या माणसाच्या भरवशावर. पुढे वडगावी वेढा पडल्यावर शरणागतीस त्याने विरोध केला. परंतु समितीने तहनामा करून दिला, जो कंपनी सरकारने नंतर साफ झिडकारला. एगर्टन, त्याच्या जागी सेनापती झालेला कॉकबर्न आणि कार्नॅक बडतर्फ झाले. हार्टलेस लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने ग्रेनेडियर कंपन्यांची स्वतंत्र पलटण उभारली, तीच आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे मूळ.

बिरुद मात्र हार्टलेस मिळाले नाही. पुढल्याच वर्षी, १७८० च्या डिसेंबरात, कोकणात दुगाडला तो पुन्हा मराठ्यांसमोर उभा राहिला, आणि त्याच्या मोर्च्यावर चालून जाताना मराठा सरदार रामचंद्र गणेश कामास आले.