संग्रहालयाचे दान आणि लिलावाचा हातोडा

१ फेब्रुवारी २०२५ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात शर्यतीच्या एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. मर्सिडीझ कंपनीची 'डब्ल्यू १९६ आर' ही ती मोटार शुल्कासह ५ कोटी ११ लाख ५५ हजार युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेचारशे कोटींहून अधिक रुपयांना विकली गेली. ग्रांप्री शर्यतीच्या मोटारीला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. परंतु या आकड्याने दिपून जाण्यापेक्षा विकणारा कोण होता, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. तो कोणी धनाढ्य शौकीन नव्हता. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील शर्यतीच्या मैदानाचे संग्रहालय होते. आणि ही मोटार त्याने विकत घेतलेली नव्हती. १९६५ साली खुद्द मर्सिडीझने त्याला ती भेट दिली होती.

या मोटारीचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. युद्धानंतर मर्सिडीझ ग्रांप्री शर्यतींत परतली ती १९५४ च्या जुलैत, रीम्स येथे. चाकेही झाकली जातील असा वाऱ्याला कापणारा बांधा घेऊन आलेल्या तिच्या मोटारींनी पहिले दोन क्रमांक पटकावले. मात्र दोनच आठवड्यांनी सिल्व्हरस्टोनच्या वळणांवर तो बांधा अडचणीचा ठरला. स्वतःचीच चाके दिसत नसल्याने हुआन मॅन्युएल फांगिओसारखा निष्णात चालकही मार्गाच्या कडेच्या पिंपांवर आदळला आणि चौथा आला. मग उघड्या चाकांचा बांधा तयार झाला. लिलावातील मोटारीने ही दोन्ही रूपे धारण केली होती. जानेवारी १९५५ मध्ये ब्युनोस आयरिस येथे उघड्या चाकांनिशी धावताना फांगिओने तिच्यावर विजय मिळवला. सप्टेंबरात मॉन्झा येथे झाकल्या चाकांनिशी स्टर्लिंग मॉसने ताशी २१५.७ किलोमीटर वेगाने शर्यतीतील सर्वांत जलद फेरी मारली. पुढे यंत्र बिघडल्याने त्याला थांबावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये ल माँ येथे मर्सिडीझची दुसरी एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. वर्षअखेर कंपनी शर्यतींतून निवृत्त झाली. एका युगाचा उत्कर्ष आणि अंत पाहिलेली अशी ही मोटार होय.

ती विकण्यामागे संग्रहालयाची बाजू अगदीच लंगडी नाही. इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीचा इतिहास जतन करणे हे आपले मुख्य कार्य आहे. त्या मैदानावर कधीही न धावलेल्या मोटारी विकून उरलेल्या संग्रहाची निगा राखावी, असे त्याचे म्हणणे. जुनी यंत्रे केवळ आदरावर टिकत नाहीत. त्यांना जागा, कुशल कारागीर आणि पैसा लागतो, हे कोण नाकारील?

तरीही एक प्रश्न उरतोच. संग्रहालय हे वस्तूंचे मालक की विश्वस्त? दान देणारा वस्तूवरचा आपला हक्क सोडतो, तो ती सर्वांना पाहावयास मिळावी म्हणून. आज एक दान विकले गेले, तर उद्याचा दाता हात आखडता घेईल. याच जाणिवेने आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. काढून टाकावयाची वस्तू प्रथम दुसऱ्या संग्रहालयाला देऊ करावी. आणि विक्रीचा पैसा केवळ संग्रहाच्याच हितासाठी वापरावा. या प्रकरणात दुसऱ्या अपेक्षेला मान देण्याची भाषा तरी झाली. पहिलीचा मात्र खुल्या लिलावात टिकाव लागणे कठीण असते, कारण अशा बोलीपुढे बहुतेक सार्वजनिक संस्था उभ्याच राहू शकत नाहीत. हा लिलाव झाला तोही खुद्द मर्सिडीझच्या संग्रहालयात. म्हणजे दात्याच्याच अंगणात दान विक्रीस मांडले गेले!

विक्री सरसकट निषिद्ध ठरवावी, असे नव्हे. परंतु वस्तू खासगी हाती देताना ती ठराविक काळाने लोकांसमोर मांडण्याची अट घालता येईल, आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब जाहीर करता येईल. दात्याची संमती असली, तरी एवढ्याने भागत नाही. साठ वर्षे तिकीट काढून ती मोटार पाहावयास येणाऱ्या सामान्य माणसाचाही तिच्यावर काही हक्क होता. त्याचे मत मात्र लिलावाच्या सभागृहात कोणीच विचारले नाही.